हुन्नराच्या पायऱ्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी काळजी घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ मुलाला बरोबर घेऊन आले. मुलगा आमच्याच वर्गातला. अभ्यासात मध्यम, पण हात मोठा चलाख. शाळेतला बंद पडलेला पंखा दोनदा त्यानेच चालू करून दिला होता. वडिलांच्या हातात एका खाजगी वर्गाचे पत्रक होते. 'सहा महिन्यांत इलेक्ट्रिकचा डिप्लोमा' असे त्यावर ठळक छापले होते. "गुरुजी, घालू का याला?" त्यांनी विचारले. आम्ही पत्रक वरवर चाळले आणि म्हणालो, "सर्टिफिकेट मिळते ना? मग हरकत काय?"

ती चूक आमची होती, आणि तिची भरपाई म्हणूनच आज हा लेख लिहीत आहोत.

भिशीच्या पैशांतून फी भरली गेली. सहा महिन्यांनी मुलगा कागद घेऊन एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी गेला. तेथे आयटीआय उत्तीर्ण इलेक्ट्रिशियन हवा होता. त्याचा कागद कारकुनाने पाहिला आणि परत केला. वायरमनच्या परमिटसाठी चौकशी केली, तेथेही तो कागद चालेना. मुलगा काही अडाणी नव्हता. त्याला काम येत होते. परंतु त्याच्या कागदाला कोणत्याही शिडीवर पायरीच नव्हती. पदवी घेऊन वर्गात शिकविणाऱ्या आम्हांला ही शिडी ठाऊक असायला हवी होती, ती नव्हती. पुढे ती समजून घेतली, ती येथे मांडतो.

शिडी कशी आहे

सरकारने २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट जाहीर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एनएसक्यूएफ म्हणतात. प्रारंभी तिच्यात दहा स्तर होते. २०२३ च्या सुधारणेनंतर आठ राहिले असून काही स्तरांच्या मध्ये अर्ध्या पायऱ्याही आहेत. त्याच वर्षी शालेय, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण एका मापाने मोजण्याची व्यवस्था झाली. त्या मापाने दहावी तिसऱ्या स्तरावर, बारावी चौथ्यावर, तीन वर्षांची पदवी साडेपाचावर आणि पीएचडी आठव्यावर येते.

आता याच मापाने आयटीआयचे अभ्यासक्रम पाहावेत. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, स्तर तिसरा. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा, स्तर चौथा. वातानुकूलन व शीतयंत्रांच्या तंत्रज्ञाचाही दोन वर्षांचा आणि चौथ्याच स्तराचा. म्हणजे दोन वर्षे आयटीआयत घाम गाळलेला इलेक्ट्रिशियन या मापाने बारावी उत्तीर्ण मुलाच्या बरोबरीने उभा आहे. "शिकला नाही म्हणून वायरमन झाला" असे आपल्या घरांतून सहज बोलले जाते. ते बोलणे आता सोडून द्यावे हे बरे.

स्तराचा अर्थ काय, हे एका घरगुती उदाहरणाने सांगतो. स्नानगृहात गीझर बसवायचा आहे. तिसऱ्या स्तराचा कारागीर नेहमीचे, ठरलेले काम वरिष्ठाच्या देखरेखीखाली नीट करतो. पाइप कोठून न्यावा, तार कोणती ओढावी हे त्याला सांगितलेले असते. चौथ्या स्तराच्या कारागिराने ओळखीच्या कामात योग्य निवड स्वतः करावी आणि आपल्या कामाची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा असते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो, तेव्हा पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालणार नाही, १६ अँपिअरचे सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तार हवी, भूजोडणी हवी, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवा, हे त्याला कोणी सांगावे लागू नये. पाचव्या स्तरावर स्वतःच्या कामाबरोबर इतरांच्या कामाचीही थोडी जबाबदारी येते. स्तर हा असा जबाबदारीचा आकडा आहे. चुकीच्या तारेने घर पेटते, म्हणून या आकड्याला किंमत आहे.

प्लंबरच्या कामातही तेच. मोरीखालच्या वाकड्या नळीत दोन इंच पाणी का साठून राहिले पाहिजे, हे ज्याला कळले त्याला गटारातला वायू घरात येण्याची वाट बंद कशी होते तेही कळले. नुसता नळ बदलता येणे आणि हे समजणे यांत एका पायरीचे अंतर आहे.

तीन कागद, तीन कामे

पालकांचा गोंधळ होतो तो येथे. या धंद्यात मुख्य कागद तीन आहेत आणि एकाचे काम दुसरा करीत नाही.

पहिला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली आयटीआयत शिकून अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते मिळते. आपल्या बडोद्यात गोरवा आणि तरसाली येथे सरकारी आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियनसाठी विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमनसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालतो. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्यास पुढे पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची वाटही आहे. शिडी तेथे संपत नाही.

दुसरा, शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र. यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. जुन्या काळी शागीर्द उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राही; चहा आणावा, अवजारे पुसावी, आणि उस्तादाची मर्जी बसली तर एखादी खुबी पदरात पडावी. त्या नात्यात माया होती, पण हिशेब नव्हता. कायद्याने हिशेब आणला. मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारदरबारी नोंदविला जातो. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांची आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकते. आयटीआय उत्तीर्ण मुलाची उमेदवारी त्याच व्यवसायात साधारणतः एक वर्षाची असते. आयटीआय न केलेल्यासही उमेदवारीचे दार बंद नाही. त्याची मुदत आणि मूलभूत प्रशिक्षण वेगळे असते.

उमेदवारास विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत ते शिक्षणानुसार दरमहा किमान ५००० ते ९००० रुपये ठरविले गेले. आयटीआय उत्तीर्णासाठी तेव्हाचा आकडा ७००० होता. दर बदलत असतात, म्हणून सही करण्यापूर्वी त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे, म्हणून नोकरीची हमी त्याला नसते. परंतु कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदलेला नसेल, तर 'अप्रेंटिस' हा शब्द नुसता तोंडचा. उद्या मुलगा शिडीवरून पडला तर तो तेथे शिकत होता याचा पुरावा कोठून आणणार?

तिसरा कागद परवान्याचा. विजेची जोडणी कोणीही करावी असे कायदा मानीत नाही. ते काम परवानाधारक कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिटधारक माणसाच्या हातून व्हावे लागते. हे परवाने राज्य सरकार देते. आयटीआयचे प्रमाणपत्र शिकल्याचे सांगते, उमेदवारीचे प्रमाणपत्र हात बसल्याचे सांगते, आणि परमिट काम करण्याचा अधिकार देते. तिन्हींची नावे लक्षात ठेवावी आणि कोणी एक दाखवून दुसऱ्याचे मोल मागू लागला तर सावध व्हावे.

हात पिकलेल्यांचे काय

आपल्या वस्तीत असे कितीतरी कारागीर आहेत की ज्यांनी शाळा लवकर सोडली, पण वीस-वीस वर्षे नळाचे वा विजेचे काम केले. त्यांना आता दोन वर्षे वर्गात बसा म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. आहे तेवढ्या कसबाची परीक्षा होते, उणीव असेल तेथे थोडे प्रशिक्षण मिळते, आणि प्रमाणपत्रावर स्तराचा आकडा येतो. तो कागद आयटीआयच्या तोडीचा समजू नये. परंतु ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याला पाय टेकायला पायरी मिळते, हे थोडे नाही.

फी भरण्यापूर्वी

कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न विचारावेत. या अभ्यासक्रमाचा एनएसक्यूएफ स्तर कोणता? प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार, वर्गाच्या की सरकारमान्य संस्थेच्या? यावर परमिटच्या परीक्षेला बसता येईल काय? आणि पुढच्या पायरीवर प्रवेश मिळेल काय? उत्तर तोंडी असेल तर ते लेखी मागावे. लेखी देण्यास कोणी कां-कूं केली, तर पालकांनी उठून घरी यावे.

संस्थेस एक विनंती

बडोद्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताने येथे कलाभवन उभे केले, ते हुन्नराला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. पुस्तक आणि हातोडी एका छपराखाली नांदू शकतात, हे या शहराने आयटीआय हा शब्द जन्मण्यापूर्वी पाहिले आहे.

आपली संस्था इतकी वर्षे कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्ती देत आली. तिचे ऋण अनेक घरांवर आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी विश्वस्तांनी तो नियम थोडा रुंद करावा अशी आमची नम्र सूचना आहे. आयटीआयच्या मुलामुलींचे अर्जही त्याच पेटीत पडावेत. मुली म्हणतो ते जाणूनबुजून; विजेच्या तारेला हात कोणाचा हे कळत नाही. उमेदवारीस निघणाऱ्याला पाने, पकडी, टेस्टर आणि एक चांगला मल्टिमीटर अशी अवजारांची पेटी संस्थेकडून मिळावी. आणि दहावीच्या निकालानंतर दोन रविवार कार्यालयात कोणी जाणत्या माणसाने बसून पालकांची पत्रके वाचून द्यावीत. यातील शेवटचे काम आम्ही आनंदाने पत्करू. या खेपेस पत्रक वरवर चाळणार नाही.

तो मुलगा? एकोणिसाव्या वर्षी तो आयटीआयत दाखल झाला, आपल्याहून तीन वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसला. दोन वर्षे आयटीआय, एक वर्ष उमेदवारी, मग परमिट. गेल्या दिवाळीत आमच्या घरचा जुना फ्यूजचा बोर्ड त्यानेच बदलला. काम झाल्यावर आम्ही पैसे पुढे केले. त्याने मजुरीतून एक पैही कमी केली नाही, आणि पावती लिहून तिच्यावर आपला परमिट क्रमांक घातला. आम्हांला ते फार आवडले. ती पावती आम्ही जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी पालक आले की प्रथम तीच दाखविणार आहोत.