जठरातील एक दुर्मिळ अर्बुद

जठराचा कर्करोग बहुधा जठराच्या आतील अस्तरात उद्भवतो. परंतु ह्या अस्तराखाली स्नायूंचे थर असतात, आणि त्यांतूनही क्वचित एक निराळे अर्बुद वाढते. वैद्यकात त्यास ‘जिस्ट’ हे संक्षिप्त नाव आहे. अन्न पुढे सरकविण्यासाठी जठराच्या व आतड्याच्या हालचालींना लय लावून देणाऱ्या ‘काहाल’ पेशींशी ह्या अर्बुदाचे नाते आहे.

गाठ लहान असेपर्यंत रोग्यास बहुधा काहीच जाणवत नाही. पुढे थोड्या जेवणानेच पोट भरते, शौचास काळे होते, किंवा नकळत होणाऱ्या रक्तस्रावाने थकवा येतो. दुर्बिणीने पाहिले असता फुगवटा दिसतो. परंतु त्यावरील अस्तर शाबूत असल्यास वरवर काढलेल्या तुकड्यात रोग सापडत नाही. अशा वेळी ध्वनिलहरींची जोड असलेल्या दुर्बिणीतून सुई खोल घालून पेशी काढतात व त्यांत ‘किट’ नावाचे प्रथिन आहे काय, हे रंजनाने तपासतात.

ह्या परीक्षेमागील मर्म १९९८ साली जपानी संशोधकांनी उघड केले. किट हे पेशीच्या पृष्ठभागावरील जणू दारावरची घंटाच होय. बाहेरून संदेश आला म्हणजे ती वाजते व पेशी विभागते. जनुकात बिघाड झाला, की कोणी कळ न दाबताही घंटा अखंड वाजत राहते.

गाठ काढता येण्याजोगी असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. हा रोग लसिकाग्रंथींत सहसा पसरत नाही. म्हणून पुष्कळदा जठराचा थोडाच भाग काढून भागते. मात्र गाठ फुटू देता कामा नये. फुटल्यास रोग उदरात पसरण्याचा धोका वाढतो. पसरलेल्या रोगावर जुनी रसायने जवळजवळ निष्फळ ठरत. २००० साली हेलसिंकी येथे एका रोग्यास इमॅटिनिब हे औषध देण्यात आले आणि गाठी आकसल्या. हे औषध किटची घंटा बंद करते. परंतु काही विशिष्ट बिघाडांवर ते चालत नाही. म्हणून जनुकाची परीक्षा उपयोगी पडते.

औषध सापडले, तरी ते परवडावयास हवे. मूळ कंपनीच्या औषधास महिन्याला सुमारे १,२०,००० रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांच्या औषधास सुमारे ८,००० ते १०,००० रुपये. मूळ कंपनीने ह्या औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी मागितलेल्या एकस्वास मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ह्या संस्थेने विरोध केला. २००६ साली चेन्नई येथील कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचे अपील अमान्य केले.

ह्या निर्णयाचे महत्त्व औषधाच्या स्वभावातच आहे. पसरलेल्या रोगात इमॅटिनिब घंटा थांबविते, तिचा बिघाड दुरुस्त करीत नाही. गोळी थांबली, की बहुतेकांचा रोग पुन्हा डोके वर काढतो. बरे वाटू लागले म्हणून ती आपण होऊन सोडणे धोक्याचे. आणि जी गोळी वर्षानुवर्षे घ्यावयाची, तिची किंमत हाही उपचाराचाच एक भाग होय.