टॅब अजून किती दिवस वापरायचा? एका सकाळी ठरवून टाका

टॅब, त्याचा चार्जर, खरेदीचं बिल, एक वही आणि पेन घेऊन टेबलाशी बसा. तुम्ही बारामतीत भिगवण रोडला राहत असा, नाहीतर निमगाव केतकीच्या शिवारात, काम तेच आहे आणि एका सकाळचं आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. मधली पायरी गाळली तर पुढचा हिशोब चुकतो.

१. वहीच्या कोऱ्या पानावर या टॅबवर कोण काय करतं ते नावानिशी लिहा. मुलगी: सीईटीची लेक्चर. बाबा: ई-पीक पाहणी, सातबारा, उसाच्या ॲपवर येणाऱ्या सूचना. आई: व्हिडिओ कॉल. ‘सगळेच सगळं करतात’ असं मोघम लिहू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी याच यादीवर उभी आहे.

२. यादीतल्या ज्या कामाला एक दिवसही खंड पडून चालणार नाही, त्याखाली रेघ मारा. रेघ एकाच कामाखाली. दोन कामांखाली मारावीशी वाटली, तर दोन्हींपैकी फोनवर होऊ शकणारं काम सोडून द्या.

३. बिलावरची तारीख आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. बिल हरवलं असेल तर ज्या ॲपवरून टॅब मागवला होता, तिथल्या जुन्या ऑर्डर पाहा. टॅब महाज्योतीकडून किंवा शाळेकडून मिळालेला असेल तर बिल नसणारच. मग मिळाल्याची तारीख लिहा आणि सोबत आलेल्या अटींचा कागद शोधून ठेवा, तो शेवटी लागेल.

४. हे मॉडेल बाजारात पहिल्यांदा कोणत्या साली आलं ते शोधून शेजारी लिहा. इथे बहुतेकजण फसतात. कंपनी अपडेटची वर्षं मोजते ती मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. गॅलेक्सी टॅब ए-८ अँड्रॉइड ११ घेऊन आला आणि १४ वर येऊन थांबला. हा टॅब कुणी दोन वर्षांनी दिवाळीच्या सेलमध्ये घेतला असेल, तर त्याच्या हातात आला तेव्हाच त्याच्या अपडेटच्या वाट्यातली दोन वर्षं गेलेली होती. स्वस्तात मिळाला हे खरं, पण तेवढं आयुष्यही कमी मिळालं.

५. सेटिंग्ज उघडा, सगळ्यात खाली ‘टॅबलेटविषयी’ मध्ये जा आणि सिक्युरिटी पॅचची तारीख लिहा. तिथेच आसपास ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ अशी आणखी एक तारीख दिसेल. ती वेगळी, ती लिहू नका. आयपॅड असेल तर ‘जनरल’ मध्ये जाऊन आयपॅडओएसचा आकडा लिहा.

६. कंपनीच्या अधिकृत साइटवर तुमच्या मॉडेलला कधीपर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार ते पाहून, तो महिना पानावर मोठ्या अक्षरात लिहा. हा तुमच्या टॅबचा ‘शेवटचा महिना’. अंदाज यावा म्हणून सांगते: २०२३ च्या गॅलेक्सी टॅब एस-९ ला सॅमसंगने पाच वर्षांची सुरक्षा अपडेट कबूल केली, तर २०२४ च्या एस-१० ला सात वर्षांची. ॲपल आधी वर्ष सांगत नाही, पण मागचं पाहून अंदाज बांधता येतो: २०२५ चं आयपॅडओएस २६ हे २०२० च्या आठव्या पिढीच्या साध्या आयपॅडवर चालतं, २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडवर नाही. स्वस्तातल्या अनोळखी ब्रँडच्या साइटवर काहीच सापडलं नाही, तर पाचव्या पायरीतली पॅचची तारीख हाच शेवटचा महिना धरा.

७. शेवटचा महिना उलटून गेला असेल, तर बँकेची आणि यूपीआयची ॲप टॅबवरून आत्ताच काढा. हे उद्यावर टाकू नका. अँड्रॉइड १२ साठी गूगलने २०२५ च्या मार्चनंतर सुरक्षा दुरुस्त्या देणं बंद केलं आहे. त्यावर चालणारा टॅब लेक्चर बघायला चालेल, पण ऊसबिल जमा होणारं खातं त्यावर उघडायचं नाही. ॲप काढल्याने पैशाला काही होत नाही, फोनवरचं ॲप तसंच राहतं.

८. सातबाऱ्याच्या पीडीएफ, निकाल, दाखले आणि घरचे फोटो गूगल ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा. आधी हे, मगच पुढची पायरी.

९. स्टोरेज उघडून नको ते पुसा, निदान पाचवा हिस्सा जागा रिकामी होईपर्यंत. व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभातचे व्हिडिओ आणि डाउनलोड करून विसरलेली लेक्चर यांनीच बहुतेक टॅब तुंबतात. हँग होणारा टॅब म्हणजे म्हातारा टॅब असं लगेच धरू नका. कितीतरी टॅब या एका पायरीने पुन्हा चालायला लागतात आणि मालकाचे हजारो रुपये वाचतात.

१०. टॅब पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

११. रेघ मारलेलं काम वीस मिनिटं करून बघा. लेक्चर लावा, मध्ये वहीसारखं ॲप उघडा, परत लेक्चरवर या. ॲप आपोआप बंद पडत असेल किंवा परत आल्यावर पहिल्यापासून उघडत असेल, तर रॅम अपुरी पडते आहे, आणि टॅबमधली रॅम वाढवून मिळत नाही. पानावर ‘काम अडतं’ किंवा ‘काम होतं’, दोनपैकी एक लिहा. नेट मंद असताना ही परीक्षा घेऊ नका, दोष टॅबच्या माथी येईल.

१२. चार्जिंगचं भोक उजेडात धरून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. उसाच्या पट्ट्यातली बारीक माती आत घट्ट बसते, मग पिन पुरती जात नाही आणि सगळे बॅटरीला दोष देतात. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, जॅक कायमचा जाईल.

१३. दुसऱ्या, चांगल्या कंपनीच्या केबल-चार्जरने टॅब १०० टक्के चार्ज करा. वस्तीवर राहत असाल तर विहिरीवरची मोटार चालू नसताना करा. मोटार सुरू झाली की घरातला दिवा मंदावतो ना, तेव्हा चार्जिंगही रडतखडत होतं आणि वेळेचा अंदाज चुकतो.

१४. ब्राइटनेस निम्मा ठेवून, आधीच उतरवून घेतलेला व्हिडिओ बरोबर एक तास चालवा आणि किती टक्के उतरले ते लिहा. दहा-बारा टक्के उतरले तर बॅटरी ठणठणीत. वीसच्या आत असेल तरी काम भागेल. पंचविसाच्या वर गेलं किंवा ४० टक्क्यांवरून टॅब अचानक बंद पडला, तर बॅटरी बदलायला आली. ही परीक्षा मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली घेऊ नका. ॲपल आपला आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतं आणि इंदापुरात तेव्हा पारा चाळिशी गाठतो. ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या काचेजवळ टॅब ठेवायची सवय असेल तर तीही आजच मोडा, उष्णतेने बॅटरी लवकर मरते.

आणि एक गोष्ट मात्र इथेच थांबून ऐका. टॅबची पाठ फुगलेली दिसली किंवा डिस्प्ले एका कडेने उचललेला दिसला, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा. टॅब बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि तो गादी-कपड्यांपासून लांब ठेवून शक्य तितक्या लवकर दुकानात न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

१५. एखाद्या ॲपचं चिन्ह बोटाने दाबून धरा आणि न सोडता सगळ्या स्क्रीनभर ओढत फिरवा. जिथे ते हातातून सुटेल तिथला टच गेला आहे. पुन्हा एकदा फिरवून खात्री करा. टेम्पर्ड ग्लास उचकटली असेल तरी असंच होतं, आणि ती बदलणं डिस्प्ले बदलण्यापेक्षा फारच स्वस्त.

१६. ई-पीक पाहणी यादीत असेल तर टॅब घेऊन स्वतःच्या गटात उभे राहा आणि नकाशावरचा ठिपका बरोबर जागी येतो का बघा. ही पायरी खोलीत करून उपयोग नाही. सिम नसलेल्या, फक्त वायफायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये जीपीएस मुळातच नसतं, सिम नसलेल्या आयपॅडमध्येही नसतं. तसा टॅब असेल तर पाहणी फोनवर करा आणि ते काम यादीतून खोडा. त्यासाठी नवा टॅब घेऊ नका.

१७. दुरुस्ती लागणार असेल तर दोन दुकानांतून अंदाज लिहून आणा. एक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा, एक तुमच्या गावातल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याचा. पार्ट ओरिजिनल की डुप्लिकेट आणि वॉरंटी किती, हे दोन्हीकडे विचारा. अंदाज घ्यायला पासवर्ड लागत नाही, तो देऊ नका.

१८. दुरुस्तीच्या रकमेला शेवटच्या महिन्यापर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागा. हीच खरी गुरुकिल्ली, म्हणून सावकाश करू. समजा बॅटरीला २,४०० रुपये सांगितले आणि शेवटच्या महिन्याला २४ महिने आहेत. म्हणजे दुरुस्ती महिन्याला १०० रुपयांना पडली. शेवटचा महिना आधीच गेला असेल आणि टॅब फक्त लेक्चरसाठी ठेवायचा असेल, तर बारा महिने धरा, त्याहून जास्त नको.

१९. नव्या टॅबच्या किमतीला त्याला मिळणाऱ्या अपडेटच्या महिन्यांनी भागा. १८,००० चा टॅब आणि पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, तर महिन्याला ३०० रुपये. जुन्याचे एक्स्चेंजमध्ये ३,००० मिळत असतील तर ते आधी वजा करा: १५,००० भागिले ६०, म्हणजे २५०. इथेही महिने मोजायचे ते मॉडेल बाजारात आल्यापासून उरलेले. चौथी पायरी आठवा.

२०. दोन्ही आकडे शेजारी ठेवून लहान आकड्याला गोल करा. वरच्या उदाहरणात १०० आणि २५०, तर बॅटरी बदलून टॅब वापरत राहा. तेच डिस्प्ले गेला असता, ७,००० चा खर्च आणि महिने १४, तर महिन्याला ५०० पडले असते, मग नवाच घ्या. ‘दुरुस्ती किमतीच्या निम्मी झाली की टाकून द्या’ असं दुकानात ऐकवतात, ते मला पटत नाही. त्यात टॅबला किती दिवस उरलेत याचा हिशोबच नसतो. फक्त एक अट: अकराव्या पायरीत ‘काम अडतं’ लिहिलं असेल आणि ते रेघ मारलेलं काम असेल, तर आकडे काहीही सांगोत, बदला. आणि काहीच बिघडलेलं नसेल, काम होत असेल, तर गोल करायलाही नको. टॅब ठेवा, नवं मॉडेल आलं हे बदलण्याचं कारण नव्हे.

२१. बदलण्याचा महिना ठरवून कॅलेंडरवर लिहा. ‘ठेवायचा’ निघालं असलं तरीही लिहा, तुमच्या शेवटच्या महिन्याच्या दोन महिने अलीकडचा. घरात बारावीचं मूल असेल तर फेब्रुवारी ते मे हे महिने मोकळे सोडा: बोर्ड, सीईटी, नीट सगळं त्यातच येतं आणि ऐन परीक्षेत लेक्चर, नोट्स, पासवर्ड नव्या टॅबवर हलवण्याइतकी वाईट वेळ नाही. बदलायचंच असेल तर दिवाळीच्या आत नाहीतर निकालानंतर. ऊसबिलाचे पैसे कधी हातात येतात तेही याच वेळी बघा, म्हणजे हप्त्यावर जादा व्याज जात नाही.

२२. नवा घ्यायचा असेल तर दुकानात पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: याला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत? उत्तर विक्रेत्याच्या तोंडी नको, कंपनीच्या साइटवर दाखवायला सांगा. वापरलेला सिमवाला टॅब घेत असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय मिळवा, मग इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत असेल किंवा दुसऱ्याच मॉडेलचं नाव आलं, तर तिथूनच परत फिरा.

२३. नवा आल्यावर आठ दिवस दोन्ही टॅब चालू ठेवा. कुठला पासवर्ड राहिला, कुठल्या नोट्स आल्या नाहीत, हे या आठ दिवसांतच कळतं.

२४. जुन्या टॅबमधून गूगल किंवा ॲपलचं खातं काढा. रिसेट मारण्याआधी हे झालंच पाहिजे. उलटं केलंत तर टॅब सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागेल आणि ज्याला दिलात तो अडकून बसेल.

२५. सिम आणि मेमरी कार्ड काढून मग फॅक्टरी रिसेट मारा.

२६. टॅब पुढच्याच्या हातात द्या. धाकट्या भावंडाला गोष्टींच्या व्हिडिओसाठी चालेल, बँकेची ॲप त्यावर नकोत. महाज्योतीचा किंवा शाळेचा असेल तर आधी तिसऱ्या पायरीतला अटींचा कागद वाचा, विकायचा किंवा द्यायचा विचार त्यानंतर. मेलेला किंवा फुगलेला टॅब घंटागाडीत किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका, तो ई-कचरा आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे जमा करा आणि पोच घ्या.