उशाखालची ओढणी

आपण लहानपणी वाचलेलं पुस्तक नव्या आवृत्तीत दिसलं की ते घेतल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. मुलांनी वाचावं असं तर वाटतंच, पण आपल्याला जे आवडलं ते त्यांनाही आवडावं, असं त्याहून जास्त वाटतं. मग दोन दिवसांत आपलं सुरू होतं, ‘वाचलंस का? कितवं पान?’

मीही असंच जेफ्री ट्रीज यांचं ‘क्यू फॉर ट्रीझन’ आणलं. पुस्तक १९४० सालचं, गोष्ट मात्र पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली. कायद्याच्या भीतीनं घर सोडलेला पीटर आणि मुलाचा वेश घेतलेली किट नाटकवाल्यांत सामील होतात. तेव्हा इंग्लंडात बायकांची कामं पोरगेच करायचे.

लेकीला ते इंग्रजी जड जाईल, म्हणून रोज रात्री दोन पानं मी मराठीत सांगते. त्या दिवशी ओघात म्हटलं, “अगं, आपल्याकडेही असंच होतं. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहानपणी नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ नाटकात शारदा झाले.”

“आई, केशवला रात्री भीती वाटली तर तो कोणाला उठवायचा?”

“कंपनीत खूप माणसं असतात गं. पुढे ऐक ना, १९०८ मध्ये त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये तर ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी...”

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आपलं सगळ्यांचंच असं होतं. चर्चगेटहून उभ्यानं बोरिवली गाठायची, कुकर लावायचा, वह्या बघायच्या. मूल मागे पडेल ही धास्ती सतत मनात. म्हणून गोष्टीतूनही चार गोष्टी शिकवून घ्याव्यात असं वाटतं. त्या घाईत पोरानं काय विचारलं, तेच निसटतं.

दुसऱ्या रात्री मी पुस्तक मिटूनच ठेवलं. म्हटलं, “काल तू विचारलंस ना... तुला काय वाटतं, कोणाला उठवत असेल केशव?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “कोणालाच नाही. मी असते तर तुझी ओढणी घेऊन गेले असते. तुला यायला उशीर झाला की मी घेतेच.”

चुरगळलेली ओढणी सकाळी तिच्या उशाखाली सापडायची आणि मी रागवायचे. इतके दिवस!

म्हणून तुम्हाला मनापासून सांगावंसं वाटतं. जुनं पुस्तक जरूर आणा. दहाच मिनिटं मिळाली तरी चालतील. पण मूल गोष्टीतल्या पोराबद्दल काही विचारू लागलं की थांबा. उत्तराची घाई नको, ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा. गोष्टीतल्या पोराच्या नावानं मुलं आपल्या मनातलं बोलून जातात. आणि पुस्तक नाहीच आवडलं, तर कपाटात राहू द्या. सुट्टीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एखादं बालनाट्य दाखवा, कदाचित मूल स्वतःच पुस्तक मागेल.

उशीर अजूनही होतो. आता सकाळी निघताना धुतलेली ओढणी मीच तिच्या उशाखाली ठेवते. पीटर अजून लंडनला पोचायचा आहे. पोचेल सावकाश.