आपल्या रक्ताचा हिशेब आपणच ठेवावा

प्रमेहाचीं पूर्वचिन्हें सांगतांना चरकसंहितेंत असें म्हटलें आहे कीं, रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांव घेतात. म्हणजे मधुमेहाची जुनी परीक्षा वैद्याच्या पेटींत नव्हती, अंगणांत होती, आणि ती कोणासहि करितां येत असे. पुढें शास्त्र वाढलें, तशी ती प्रयोगशाळेंत गेली व रोग्याच्या हातून सुटली. ती पुन्हा त्याच्या हातीं कशी आली, हें ऐकण्याजोगें आहे.

अमेरिकेंत रिचर्ड बर्नस्टीन नांवाचे एक इंजिनियर होते. त्यांस १९४६ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, मधुमेह जडला. पुढें वीसांहून अधिक वर्षें डॉक्टरांच्या आज्ञेंत राहूनहि त्यांचें शरीर खंगत गेलें. १९६९ च्या सुमारास रक्ताच्या एका थेंबावरून साखर मोजणारें यंत्र निघाल्याचें त्यांस कळलें. परंतु तें रोग्यास विकत मिळत नसे. त्यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नांवानें त्यांनीं तें मागविलें. मग दिवसांतून अनेक वेळां मोजून, कोणत्या अन्नानें साखर किती चढते व इन्सुलिन किती पुरतें, हें त्यांनीं स्वतः ताडून पाहिलें आणि त्यांची प्रकृति सुधारली. ही गोष्ट डॉक्टरांच्या गळीं उतरेना, तेव्हां पंचेचाळिसाव्या वर्षीं ते स्वतःच वैद्यकीय विद्यालयांत शिकावयास गेले! २०२५ सालीं, नव्वद वर्षांचे होऊन ते वारले. आहाराविषयींचीं त्यांचीं मतें सर्वांस मान्य नाहींत. परंतु इन्सुलिन घेणाऱ्यानें आपली साखर आपण मोजावी, ह्याविषयीं आतां वाद उरला नाहीं.

आपल्या देशांत ह्याची गरज किती आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेली एक मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तीवरून देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, व शंभर प्रौढांतील सुमारें ३५ जणांस रक्तदाब आहे. हे दोन्ही विकार वाळवीसारखे आहेत; तुळई वरून धड दिसते आणि आंतून पोखरली जाते. “माझें डोकें दुखत नाहीं, मग गोळी कशास?” असें म्हणून औषध सोडणारे पुष्कळ आढळतात. अर्धांगवायु होईपर्यंत, किंवा मूत्रपिंडें निकामी होईपर्यंत, शरीर बहुधा कांहींच बोलत नाहीं. यंत्र मात्र बोलतें.

रक्तदाब मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, तंबाखू व श्रमाचें काम वर्ज्य करावें. लघवीस जाऊन यावें. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. पट्टा दंडाच्या मापाचा असावा, तो उघड्या दंडावर बांधावा, आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा. मोजतांना बोलूं नये. (आमच्या लोकांस हेंच सर्वांत जड जातें.) एका मिनिटाच्या अंतरानें दोनदां मोजून दोन्ही आंकडे लिहावे. सकाळीं व संध्याकाळीं असें आठवडाभर केल्यावर घरचीं मापें सरासरीनें १३५/८५ किंवा त्याहून अधिक भरलीं, तर डॉक्टरांस दाखवावें. एकाच चढत्या आंकड्यानें भिऊन जाऊं नये. मात्र १८०/१२० च्या वर माप गेलें, आणि छातींत कळ, धाप, अर्धें अंग लुळें पडणें, बोबडी वळणें ह्यांतील कांहीं दिसलें, तर तत्काळ इस्पितळ गांठावें.

साखर पाहातांना हात साबणानें धुऊन कोरडे करावे. गूळ फोडलेल्या किंवा आंबा खाल्लेल्या बोटाचा थेंब खोटी साखर दाखवितो. बोटाच्या टोंकास न टोचतां कडेस टोचावें. तेथें दुखतें कमी. पट्ट्यांची डबी घट्ट लावलेली असावी, कारण दमट हवेनें त्या बिघडतात. टोचण्याची सुई व ती बसविण्याची दांडी प्रत्येकाची निराळी असावी. एकाची दुसऱ्यानें घेतल्यास काविळीसारखे रोग रक्तांतून पसरतात.

उपाशीपोटीं साखर १०० च्या खालीं असणें बरें. ती १२६ किंवा अधिक दिसली, तर प्रयोगशाळेंत पुन्हा तपासून घ्यावी. औषध घेणाऱ्याची साखर ७० च्या खालीं गेली, घाम सुटला, हात कांपूं लागले, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत कालवून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजावें. रोगी बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडांत कांहीं घालूं नये. त्यास इस्पितळांत न्यावें.

ज्यांस यंत्र परवडत नाहीं, त्यांनीं तीस वर्षें पुरीं झाल्यावर सरकारी आरोग्य उपकेंद्रांत जावें. तेथें हीं दोन्ही मापें विनामूल्य घेतात. वहींतील आंकडे पाहून गोळी आपल्याच मनानें कमीअधिक करूं नये. तारीख, वेळ, माप आणि त्या दिवशीं औषध घेतलें कीं चुकलें, एवढें एका ओळींत लिहावें, आणि डॉक्टरांकडे जातांना ती वही पिशवींत असावी.