छोट्या खासगी कॉलेजात पैसे घालावेत का?

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या केंद्रीभूत प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, पहिली फेरी जाहीर झाली की कितीतरी घरांत खल सुरू होतो. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय हुकलेलं असतं. कराड, अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयांतही हवी ती शाखा मिळालेली नसते. यादीत नाव लागतं ते तालुक्याच्या गावाबाहेरच्या, तीन-चार शाखांच्या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात. प्रवेश घ्यावा की सोडावा?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि तोवर शिक्षणासाठी कर्नाटक गाठणाऱ्या मुलांची घराजवळ सोय झाली. पुढे त्यातली काही कॉलेजं नावारूपाला आली, काही विद्यार्थ्यांअभावी बंद पडली. म्हणून कॉलेज पारखूनच घ्यावं.

आधी फीचा आकडा नीट समजून घ्यायला हवा. ती शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्याच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. त्यावर डोनेशन मागणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिवाय प्रत्यक्षात खिशातून जाणारी रक्कम बरीच कमी असू शकते. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच उत्पन्नमर्यादेत खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. दोन्हींसाठी महत्त्वाची अट म्हणजे प्रवेश कॅपमधून हवा. ‘फेऱ्यांची वाट कशाला बघता, आमच्याकडे थेट या’ असं सांगून संस्थास्तरावरची सीट गळ्यात मारली जाते, तेव्हा घरच्यांच्या हातून ही सवलतच जाते. घाईपायी होणारं हे नुकसान फार मोठं असतं.

सवलतीत बसत नसाल तर कर्जाचा हिशेब कागदावर मांडावा. ६ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत: महिन्याला साधारण ७,९०० रुपये हप्ता. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. पहिला पगार १८-२० हजार असला, तर खोलीभाडं आणि मेस भागवून हा हप्ता देणं अवघड जातं.

आणि पगार किती मिळेल? प्रवेशद्वारावरच्या फ्लेक्सवर एकाच मुलाचं सर्वांत मोठं पॅकेज झळकतं. त्यापेक्षा कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी, दिलेला तक्ता मागावा. किती जण दाखल झाले, किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे सगळं त्यात एका ओळीत असतं. कॉलेज एनआयआरएफमध्ये उतरलंच नसेल, तर गेल्या वर्षीची शाखानिहाय यादी लेखी मागावी. टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावं.

पालकांनी कामाच्या दिवशी दुपारी कॉलेजात जाऊन यावं. वेळापत्रकात प्रॅक्टिकल आहे आणि लॅबला कुलूप आहे, असं तर नाही ना? संकेतस्थळावरच्या यादीतले प्राध्यापक खरोखर शिकवतात का, हे तिसऱ्या वर्षाची मुलं कॅन्टीनमध्ये मोकळेपणाने सांगतात. गुणवत्तेच्या मान्यतांपैकी नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते. एनबीएची मान्यता मात्र शाखेनुसार असते, म्हणून आपल्या शाखेला ती आहे का, तेवढंच पाहावं. ६० मुलांच्या तुकडीत शिक्षक मुलाला नावानिशी ओळखत असतील, तर सामान्य गुणांच्या मुलालाही तिथे आधार मिळतो. छोट्या कॉलेजचं हे खरं बळ आहे.

हे सगळं जुळत असेल आणि फी कर्जाशिवाय किंवा थोड्या कर्जात भागत असेल, तर नाव छोटं असलं तरी बेलाशक प्रवेश घ्यावा. शेत किंवा दागिने गहाण टाकण्याची वेळ येत असेल, तर मात्र घेऊ नये. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येण्याची वाट धाकट्या भावंडांसाठी खुली आहे, आणि बारावी झालेल्यांना चांगल्या अनुदानित कॉलेजातली बीएस्सी कितीतरी कमी खर्चात करता येते. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, म्हणून ही चौकशी पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधीच उरकावी.