परिसंवाद भरविण्यापूर्वी

विद्यापीठीय अध्यापनातील परंपरा आणि तंत्रज्ञान या विषयावर बऱ्हाणपुरात परिसंवाद भरवावयाचा म्हटले, तर संयोजकास सामग्री शोधण्यासाठी वेशीबाहेर पाऊल टाकण्याचेही कारण पडू नये. पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि युनानी वैद्यकाचे सैफिया हमीदिया महाविद्यालय, अशी गुरुमुखातून चालत आलेली शास्त्रे आधुनिक परीक्षापद्धतीच्या चौकटीत शिकविणारी दोन विद्यास्थाने या एकाच गावात आहेत. फारुकी राजा अली खान याने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. आणि जमिनीखालून १६१५ पासूनचा कुंडी भंडारा हा भुयारी जलमार्ग आजही वाहता आहे. असे असताना, ज्या एका परिसंवादाच्या संयोजन समितीत मी काम केले, त्याच्या विषयपत्रिकेत यांपैकी एकाही गोष्टीस जागा मिळाली नाही. दप्तरी तो परिसंवाद यथासांग पार पडला, हिशेब मंजूर झाले, प्रमाणपत्रे वाटली गेली. परंतु सोमवारी वर्गावर परतलेल्या अध्यापकाने काही निराळे करून पाहावे, असे त्यातून कोणाच्याही हाती लागले नाही. असे कार्य पुढे जे अंगावर घेतील त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून त्यातून जे उमगले ते येथे नोंदवीत आहे.

पहिला घात होतो तो शीर्षकात. ‘आव्हाने आणि संधी’ या शब्दांनी संपणारे शीर्षक वरून ठरून आले, आणि अशा शीर्षकाच्या दारातून कोणताही निबंध आत येऊ शकतो, तसे ते आलेही: निम्म्यांत तक्षशिला-नालंदेचे गुणगान, उरलेल्यांत भ्रमणध्वनीचे फायदे, आणि या दोहोंची गाठ कोठेच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ च्या ऑगस्टमध्ये दूरदर्शनवरून देशव्यापी वर्ग सुरू केला, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे महाजालावरील अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले, २०२० च्या महामारीत तर अवघे अध्यापनच पडद्यावर गेले. एवढा अनुभव गाठीशी असताना तंत्रज्ञान हवे की नको हा प्रश्न आता विचारण्याजोगा राहिलेला नाही. विचारावयाचे ते असे की, जे ज्ञान हाताने, नजरेने आणि सहवासाने दिले जाते, त्यातला कोणता अंश पडद्यावरून पोहोचतो आणि कोणता पोहोचत नाही? निबंध मागविण्याच्या पत्रकात विषयांची लांबलचक फेरिस्त देण्याऐवजी असा एकच प्रश्न घालावा, आणि ज्याने तो आपल्या वर्गात पडताळून पाहिला असेल त्याचाच निबंध स्वीकारावा. निबंध थोडे येतील, येऊ द्यावेत.

दुसरे सांगावयाचे ते परंपरा जाणणाऱ्या माणसांविषयी. आमच्या परिसंवादास एक वृद्ध विणकर निमंत्रित होते. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने ज्या बऱ्हाणपुरी तलम कापडाची ख्याती इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत असल्याचे लिहून ठेवले, त्याच पेशातले हे गृहस्थ हातमागावर वाढून पुढे यंत्रमागावर आले होते, म्हणजे परंपरा आणि तंत्रज्ञान यांच्या सांध्यावरच त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्यासाठी शाल आणि श्रीफळ यांची तजवीज होती. बोलण्यासाठी वेळ मात्र ठेवलेली नव्हती. स्वागत, प्रास्ताविक, मान्यवरांचे परिचय आणि दूरच्या शहरातून पडद्यावर झालेले बीजभाषण, ज्याचा प्रत्येक शब्द सभागृहात दोनदा ऐकू येत होता, यांत दुपार झाली, आणि ते सारा वेळ मागच्या रांगेत शांतपणे बसून होते.

चहाच्या सुट्टीत व्हरांड्यात काही विद्यार्थी त्यांच्याभोवती जमले. एकाने विचारले, ताणा तुटला म्हणजे चालत्या मागावर तो सांधता कसा? त्यांनी खिशातून सुताची दोन टोके काढली, बोटांना किंचित राख लावली, टोके एकमेकांवर ठेवून आंगठ्याखाली एकच पीळ दिला आणि धागा ओढून दाखविला. गाठ अशी नाहीच. एका मुलीने ते चित्रित केले होते, परंतु पाहताना काहीच उमगेना. “चाचा, जरा सावकाश करून दाखवा ना,” ती म्हणाली. “सावकाश केले तर पीळच धरणार नाही, बेटा,” ते म्हणाले. तेव्हा तिने तेच चित्रण मंदगतीने लावले, आणि आंगठा आधी मागे सरकतो व मग पुढे येतो, हे, जे गुरूच्या हातास सावकाश करून दाखविणे शक्यच नव्हते, ते सर्वांना स्वच्छ दिसले. मग प्रत्येकाने सांधून पाहिले, आणि प्रत्येकाचा धागा सुटला. कारण दाब किती द्यावयाचा हे चित्रात कोठेच नव्हते. शेवटी त्या मुलीच्या आंगठ्यावर आपला आंगठा ठेवून त्यांनी तो दाबला, आणि तिचा धागा टिकला.

ज्या प्रश्नासाठी एवढा इतमाम केला होता, त्याचे उत्तर त्या व्हरांड्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत मिळाले, आणि त्याच वेळी आत सत्र सुरू होत असल्याची घोषणा झाली. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की कारागीर, वैद्य, हकीम यांना सत्कारमूर्ती म्हणून बोलावू नये; अध्यापक म्हणून बोलवावे, प्राध्यापकांइतकेच मानधन द्यावे, सकाळची वेळ द्यावी, आणि त्यांच्या पुढ्यात श्रोते नव्हे तर शिकणारे बसवावेत. भाषेची अट घालू नये. बऱ्हाणपुरात हिंदी, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा रोजच्या व्यवहारातल्या आहेत. हकीमसाहेबांना इंग्रजीत सारांश पाठविण्यास सांगणे म्हणजे त्यांना येऊ नका असे कळविणे होय.

कुंडी भंडाऱ्याची भेट आम्ही अखेरच्या सायंकाळी ठेविली होती, आणि कार्यक्रम लांबल्यामुळे ती रद्द झाली. ती पहिल्या सकाळी असावयास हवी. अब्दुल रहीम खानखानान याच्या सुभेदारीत, इराणी भूगर्भवेत्ता तबकुतुल अर्ज याच्या योजनेने, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातच अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांना जोडणाऱ्या भुयारातून, कोणत्याही यंत्रावाचून केवळ उताराच्या बळावर ते नगरात आणले गेले. उद्वाहकाने खाली उतरून, भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरे थर हाताने चाचपीत उभे राहिले म्हणजे कळते की आज आपण ज्यास वारसा म्हणतो ते त्या काळचे अद्ययावत तंत्रज्ञान होते, आणि तेही परदेशातून आलेले. औरंगाबादची मलिक अंबराची नहर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगावयास नको. भूगर्भशास्त्र, स्थापत्य, रसायन, इतिहास आणि फारसी या पाच विभागांच्या अध्यापकांनी त्या एकाच कुंडीपाशी उभे राहून आपापला तास घ्यावा. परंपरा आणि तंत्रज्ञान हे दोन परस्परविरोधी पक्ष आहेत ही समजूत दूर करण्यास याहून समर्थ बीजभाषण मला तरी सुचत नाही.

चित्रणासंबंधी एक इशारा मात्र गंभीरपणे द्यावयाचा आहे. हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले पुढे मांडून ते १९९७ मध्ये रद्द करविले, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध या शास्त्रांतील योगांची संगणकीय नोंद करणारे पारंपरिक ज्ञानाचे ग्रंथालय देशाने उभारले. परंतु एखाद्या घराण्याचा जो नुस्खा ग्रंथात नाही, तो सभागृहात उत्साहाने चित्रित करून जगापुढे टाकला, तर त्याचे रक्षण कोण करणार? तेव्हा काय चित्रित करावे, कोणी पाहावे आणि किती काळ ठेवावे, याची लेखी संमती त्या व्यक्तीच्या भाषेत, आणि तिला वाचता येत नसल्यास वाचून दाखवून, परिसंवादापूर्वीच घ्यावी.

बाकीचा बंदोबस्त थोडक्यात सांगता येईल. निमाडचा उन्हाळा, परीक्षा आणि रमजान टाळून तारीख धरावी. रेल्वे स्थानक लालबागेत, गावापासून अंतरावर आहे. रात्रीच्या गाड्यांनी भुसावळ-खंडव्याकडून येणाऱ्यांसाठी वाहन उभे ठेवावे. दूरचा वक्ता पडद्यावर आणावयाचा असल्यास त्याच सभागृहात, त्याच जोडणीवर आदल्या दिवशी पूर्ण भाषणाइतका वेळ चाचणी घ्यावी. नोंदणी शुल्काच्या बदल्यात आठवड्याभरात ग्रंथ छापून देणारे मध्यस्थ आपण होऊन भेटीस येतात. त्यांच्या पत्रकावरील आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक ही केवळ पुस्तकाची ओळख आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे, हे समितीने ठरावात लिहून ठेवावे, आणि निबंध वाचून, दुरुस्त करवून, वर्षभराने छापावयाचे झाले तरी चालेल अशी मुदत प्रारंभीच मंजूर करून घ्यावी. अंदाजपत्रकात शालींसाठी धरलेली रक्कम संमतीने केलेल्या चित्रणांना हिंदी, उर्दू आणि मराठी निवेदन जोडण्याकडे वळवावी. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, दुसरी ज्याचे हात त्यात दिसतात त्याच्या घरी पोहोचती करावी, आणि पुढल्या सत्रात त्यालाच वर्गावर बोलाविण्यासाठी तासिकांची व मानधनाची मंजुरी प्राचार्यांकडून परिसंवाद संपण्याआधी लेखी घ्यावी.