संध्याकाळची चूल

(रात्रीचे जेवण घाईगडबड न करता, वेळेवर आणि सोप्या रीतीने कसे तयार करता येईल, हे या पाठात सोलापूरच्या रोजच्या स्वयंपाकाच्या आधारे सांगितले आहे.)

मुलांनो, संध्याकाळचे सात वाजले आहेत, असे समजा. सोलापुरातील एक साधे घर डोळ्यांसमोर आणा. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यातून नुकतेच घरी आले आहेत. अम्मी सकाळपासून विड्या वळत बसली होती. विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्यामुळे दिवसभर तिच्या बोटांना विसावा नाही. धाकट्या भावाला भूक लागली आहे. तुमचा गृहपाठ अजून व्हायचा आहे. अशा वेळी अम्मी विचारते, "आज काय करू?"

हा प्रश्न लहान दिसतो. पण त्यापायी किती वेळ जातो, ते पाहा. मटकी आहे; पण ती भिजवलेली नाही. भाजी आणायला कोणाला तरी पाठवावे लागते. लसूण सोलायचा आहे. ज्वारीचे पीठ संपले आहे, हे परात हातात घेतल्यावर कळते. मग गिरणीकडे धावपळ होते. शेवटी साडेनऊला ताटे वाढली जातात. धाकटा भाऊ तोवर उपाशीच झोपी जातो. सर्वांना वाढून झाल्यावर अम्मी जेवायला बसते, तेव्हा तिच्या वाट्याला थंड भाकरी येते.

या अडीच तासांत प्रत्यक्ष स्वयंपाकाला किती वेळ लागला? फार तर एक तास. बाकीचा वेळ शोधाशोध करण्यात आणि वाट पाहण्यात गेला. तो वाचवता येईल का? नक्कीच येईल. त्यासाठी नियोजन हवे.

नियोजन हा शब्द मोठा वाटतो. पण ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. रमजानचा महिना आठवा. सहरीला काय करायचे, हे रात्री झोपण्यापूर्वीच ठरलेले असते. इफ्तारची वेळ घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. कोणी फळे कापतो, कोणी सरबत करतो, कोणी दस्तरखान अंथरतो. मगरिबच्या अजानपूर्वी सगळे तयार असते. एक महिना जे जमते, ते उरलेले अकरा महिने थोडे थोडे का जमू नये?

आपल्या सोलापूरच्या स्वयंपाकातही हे शहाणपण पूर्वीपासून आहे. सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. येथील पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या. गिरणीच्या भोंग्यावर लोक उठत आणि कामाला जात. कोणाची पाळी दिवसाची, तर कोणाची रात्रीची. आता त्या जुन्या गिरण्या बंद पडल्या आहेत. पण चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. अशा शहरात वेळेला उपयोगी पडणारा पदार्थ म्हणजे कडक भाकरी.

ज्वारीची भाकरी पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी कोरडी होईपर्यंत भाजली, की ती कडक भाकरी होते. ती बरेच दिवस टिकते. याचे कारण सोपे आहे. बुरशीला वाढायला ओलावा लागतो आणि या भाकरीत ओलावा राहिलेलाच नसतो. शेंगदाण्याच्या चटणीचेही तसेच आहे. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ तेल सुटेपर्यंत कुटतात. तिच्यात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. हे दोन पदार्थ घरात असले, की फक्त गरम आमटी करावी. तिच्यात कडक भाकरी कुस्करली, की पोटभर जेवण झाले.

आता एका आठवड्याचे नियोजन करून पाहू. सुट्टीच्या दिवशी पुढील पाच रात्रींचे पदार्थ कागदावर लिहावेत आणि तो कागद चुलीजवळच्या भिंतीला लावावा.

सोमवारी मुगाच्या डाळीची खिचडी करावी. ती एकाच भांड्यात होते. त्याच रात्री मटकी भिजत घालावी.

मंगळवारी सकाळी मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. रात्रीच्या जेवणाला कडक भाकरी, तुरीची आमटी, चटणी आणि कांदा.

बुधवारी मटकीला मोड आलेले असतात. तिची उसळ आणि ताजी भाकरी करावी.

गुरुवारी पिठले आणि भात. पिठले पाव तासात होते.

शुक्रवारी अंड्यांचा रस्सा. घरात काळे तिखट असले, की वेगळा मसाला वाटावा लागत नाही.

शनिवारसाठी काहीच लिहू नये. त्या दिवशी जी भाजी उरली असेल, ती वापरावी. मेथी असेल, तर धपाटे करावेत.

पीठ मात्र आठवड्यापुरतेच दळून आणावे. आपल्या जिल्ह्यातील ज्वारी नावाजलेली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण ज्वारी कितीही चांगली असली, तरी पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तिला चिरा पडतात.

आणखी एक काळजी घ्यावी. सोलापूरचा उन्हाळा कडक असतो. पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून वेळ वाचवण्यासाठी दोन दिवसांची आमटी किंवा भात एकदम करून ठेवू नये. ओले अन्न उन्हाळ्यात लवकर आंबते आणि ते खाल्ल्याने पोट बिघडते. आधी करून ठेवायच्या त्या कोरड्या गोष्टी : चटणी, भाजलेले दाणे, निवडलेली डाळ, कडक भाकरी. ओले पदार्थ त्या त्या दिवशीच करावेत.

मुलांनो, आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. अम्मीने एकटीने कागद लिहिला आणि एकटीनेच सारे केले, तर तिचे काम हलके होणार नाही. उलट लक्षात ठेवण्याचे आणखी एक काम वाढेल. म्हणून कागदावर पदार्थाशेजारी कामे आणि ती करणाऱ्यांची नावेही लिहावीत. लसूण सोलणे, डाळ निवडणे, पाणी भरणे, दस्तरखान अंथरणे, भांडी उचलणे ही कामे मुलींनी करावीत तशीच मुलांनीही करावीत. अब्बांनी येताना पीठ किंवा भाजी आणावी. ज्याचे पोट आहे, त्याचे हातही स्वयंपाकाला लागले पाहिजेत.

असे केले, तर आठ वाजता जेवण तयार होईल. धाकटा भाऊ जागा असेल. गृहपाठाला वेळ मिळेल. आणि अम्मी सर्वांबरोबर बसून गरम भाकरी खाईल.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. अम्मीने "आज काय करू?" असे विचारण्यापूर्वी तुम्हीच तिला विचारा, "उद्या काय करायचे? आणि त्यातले मी काय करू?"

शब्दार्थ

नियोजन – आधी केलेली आखणी
यंत्रमाग – विजेवर चालणारा माग
पाळी – कामाची ठरलेली वेळ
कुस्करणे – हाताने बारीक तुकडे करणे
विरी – पिठाचा चिकटपणा
आंबणे – अन्न आंबट होऊन बिघडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विडीची मजुरी कोणत्या हिशेबाने मिळते?
(आ) सोलापुरातील पहिली कापडगिरणी कधी सुरू झाली?

२. कारणे लिहा.
(अ) कडक भाकरी बरेच दिवस टिकते.
(आ) उन्हाळ्यात दोन दिवसांची आमटी एकदम करू नये.

३. वाक्यात उपयोग करा : विसावा नसणे, वाट्याला येणे, धावपळ होणे.

४. उपक्रम : तुमच्या घरच्या पाच रात्रींच्या जेवणाचा तक्ता तयार करा. प्रत्येक पदार्थासमोर कोण कोणते काम करील, ते लिहा.